मी न सांगितलेला डोंगर

९ फेब्रुवारी

भिंगरीला आजीचा आशीर्वाद, पण आज अर्धाच. उरलेला अर्धा तू खुलासा केलास की पाठवीन.

तुझं पाकीट मिळालं. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि निम्मं मी मनानं भरते, म्हणून तू पत्र लिहितेस हे बरं करतेस. खालच्या मजल्यावरची शिंपीण गळ्यात टेप अडकवून वर आली, तिनेच वाचून दाखवलं आणि आता लिहूनही तीच घेतेय. तू डोंगर चढणार, तीन दिवस चालणार, आणि तुमच्या चालण्यावर लोक त्या मुलांच्या हाडांच्या हॉस्पिटलला मदत देणार. ठीक आहे. मदत देण्याआधी लोकांना कुणीतरी धापा टाकताना का बघावं लागतं, ते मला समजलेलं नाही. पण त्या हॉस्पिटलात तू नवव्या वर्षी अख्खं वर्ष काढलंस, तेव्हा त्यावर मी गप्प बसते.

पत्रकावर मात्र गप्प बसणार नाही. त्यावर तुझ्या आजोबांचा फोटो आहे आणि खाली छापलंय, 'डोंगरवेड्या आजोबांच्या आठवणीत'. शिंपिणीला तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही तेच निघालं.

अगं, हा माणूस चौतीस वर्षं एका अकरा मजली ऑफिसात लिफ्टमन होता. दिवसभर वरखाली केलं, पण ऑफिसातला जिना स्वतःच्या पायाने कधी चढला नाही. लिफ्ट बंद पडली की रजा टाकायचा. घरातला दिवा गेला तर स्टुलावर मी चढायची आणि हे खाली स्टूल धरून 'जपून, जपून' म्हणायचे, तेही डोळे मिटून. गच्चीवर कपडे वाळत घालायला कधी आले नाहीत. कठड्यापाशी गरगरतं म्हणायचे. असा माणूस डोंगरवेडा? गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे, पण ते त्याच माणसाबद्दल असावं. उद्या एखादा खरा डोंगर चढणारा भक्तिभावाने माझ्या दारात उभा राहिला तर त्याला मी काय दाखवू, स्टूल?

ती ओळ काढ. आणि हे तुझ्या डोक्यात कुणी भरवलं ते कळव.

इथे मी तुला एक शब्द वापरला होता, तो लिहायला शिंपीण तयार नाही. तिला म्हटलं, बाई, शिवणं तुझं, पत्र माझं. तरी नाही.

तुझी आजी


१७ फेब्रुवारी

आजी, माझा नमस्कार पूर्ण घे. मी अर्धा देत नाही.

कुणी भरवलं म्हणतेस? तूच.

त्या वर्षी मी कमरेपर्यंत प्लास्टरमध्ये होते. तीन ऑपरेशनं झाली. तुम्ही दोघं भेटायला आला नाहीत, पण तुमच्याकडून एकोणीस पत्रं आली. अक्षर आजोबांचं, बोलणं तुझं, आणि प्रत्येक पत्राच्या खाली तुझा निळा अंगठा. ती सगळी मी चष्म्याच्या दुकानात माझ्या खणात ठेवली आहेत. काल दुपारी नंबर तपासायला कुणी नव्हतं तेव्हा काढून बसले. एक उतरवते:

'भिंगरे, आज हे पहाटेच डोंगरावर गेले. मी म्हटलं, गुडघे धरतील. तर म्हणाले, नात बरी होईपर्यंत तिच्या वाटचं मी चालणार. अर्ध्या वाटेवर एक काळा कातळ लागतो. तिथे टेकतात, दोन घोट पाणी पितात आणि मगच पुढे जातात. तू कातळापर्यंत आलीस की पुढचं ते तुला हात धरून नेणार आहेत. तेव्हा पाय हलवायचा कंटाळा करू नकोस.'

आजी, वॉर्डात माझ्या खाटेपासून खिडकीपर्यंत अकरा पावलं होती. नर्सने त्या खिडकीला कातळ नाव दिलं होतं. जोपर्यंत मी पडत होते, रडत होते, तोपर्यंत ती म्हणायची, कातळ आला बघ, आजोबा थांबलेत. पहिल्यांदा खिडकीला हात लागला त्या दिवशी अख्ख्या वॉर्डाने टाळ्या वाजवल्या. मी चालते ती त्या पत्रांमुळे. मग पत्रकावर दुसरं काय छापणार होते?

तू विसरली असशील. वय झालं की होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस.

तुझी भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरे, आज आशीर्वाद नाही.

मी विसरले म्हणतेस. लिहिता येतं ती माणसं विसरतात, कागदावर ठेवलं की त्यांचं डोकं मोकळं. मला कागद नाही. माझं सगळं डोक्यातच राहतं आणि जागा अडवून बसतं. तुझ्या आईला पहिला दात कुठल्या वारी आला ते विचार, सांगते.

त्या पत्रातलं एक वाक्य माझं नाही. एकही नाही. गुरुवारी यांना सुट्टी असायची. जेवणं झाली की मी भांडी घासता घासता सांगायची आणि हे टेबलाशी लिहायचे. मग वाचून दाखवायचे. ओळीवरून बोट फिरवत, माझेच शब्द, मी जिथे थांबले तिथे थांबत. मी म्हणायची, बरोबर. मग पॅडवर अंगठा दाबून खाली उमटवायची. म्हणजे बोट डोंगरावरून फिरत होतं आणि तोंड माझं बोलणं म्हणत होतं. आयुष्यभर 'कितवा मजला साहेब' एवढंच विचारणाऱ्या माणसाच्या पोटात एवढं नाटक होतं, आणि एकोणीस गुरुवार मी पहिल्या रांगेत बसून मान डोलावली.

माझ्या अंगठ्याच्या डोक्यावर त्यांनी डोंगर उभा केला. मला न विचारता. तुला गंमत वाटत असेल, मला वाटत नाही. माझ्याकडे सही नाही, अक्षर नाही, तो एक अंगठा होता.

आता नीट ऐक. दर पत्रात मी तुझ्या आईसाठी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. दर वेळी त्याच दोन, कारण उत्तर येत नव्हतं. काय ते आत्ता सांगत नाही, नाहीतर मला बरं वाटावं म्हणून तुला त्या दिसायला लागतील. एकोणीसच्या एकोणीस पत्रं पुन्हा वाच. आईसाठी काय लिहिलंय ते शोध आणि जसंच्या तसं कळव. सत्तावीस वर्षं मी माझ्या लेकीच्या उत्तराची वाट बघतेय. तिला निदान प्रश्न तरी पोचला होता का, ते मला कळू दे.

आजी

हे पत्र शिंपिणीकडून मी दोनदा वाचून घेतलं आणि मग वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंकडून तिसऱ्यांदा. शिंपीण रुसली आहे. रुसू दे.


४ मार्च

आजी,

सगळी वाचली. एकेक ओळ बोटाखाली धरून.

आईसाठी प्रत्येक पत्रात एकच वाक्य आहे: 'तुझ्या आईला सांग, आम्ही मजेत आहोत, तिने काळजी करू नये.' एकोणीस वेळा हेच. दुसरं काही नाही.

पण तुला काय सांगायचं होतं ते माझ्या लक्षात आलंय. आईने मला मोठी झाल्यावर सगळं सांगितलं. सुट्टीत तुमच्याकडे असताना मी पडले, आजोबा हॉस्पिटल हॉस्पिटल म्हणत होते आणि तू हट्टाने मला हाडवैद्याकडे नेलंस. त्याने पट्ट्या आवळून बांधल्या आणि पाय आतून खराब झाला. तुला त्याची माफी मागायची असणार. तुझी मान खाली जाऊ नये म्हणून आजोबांनी ती लिहिली नसेल. त्यांचा स्वभावच तसा होता, कुणाला कमीपणा येऊ द्यायचे नाहीत.

आजी, मी तुला केव्हाच माफ केलंय. तू मुद्दाम थोडंच केलं होतंस. हे बोलायचं राहून गेलं होतं, ते आज बोलते.

इकडे तयारी जोरात आहे. पाठीवर पिशवीत चष्म्यांच्या जुन्या काचा भरून रोज दुकानाचा जिना वीस वेळा चढते. चांभारकाकांनी डावा बूट अर्धा इंच उंच करून दिलाय. म्हणाले, डोंगराला कळणारही नाही तुझा कुठला पाय आखूड आहे.

तुझी भिंगरी


११ मार्च

माफ केलंस. वा.

ते वाक्य वाचून शिंपीण उगाच चष्मा पुसत बसली, माझ्या तोंडाकडे बघायची तिची छाती झाली नाही. आता मी सांगते ते ती शब्दाला शब्द लिहिणार आहे. तिनेच तसं कबूल केलंय.

दुपारचे चार वाजले होते. मागच्या भिंतीवर चढू नकोस म्हणून तुला दोनदा हटकलं होतं, तरी चढलीस आणि पडलीस. गुडघ्याखाली पाय वाकडा झाला. मी म्हटलं, गाडी बोलवा, हॉस्पिटलात नेऊ. हे म्हणाले, हॉस्पिटलवाले ठेवून घेतील, कापाकापी करतील. पाचव्या मजल्यावरच्या साहेबांची पाठ बघायला एक हाडवैद्य यांच्या लिफ्टमधून जायचा. त्याचा हात सोन्याचा आहे म्हणे. मी नाही म्हटलं. पुन्हा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तुला उचलून हे निघाले आणि मी मागून अनवाणी.

तिथे तुझा पाय मी धरून ठेवला. तेवढं माझं. ते मी नाकारत नाही आणि त्याची माफी तुझ्याकडे मागायची तर आजही मागते. पण तेवढीच.

चौथ्या दिवशी तुझी बोटं काळी पडायला लागली. तुझ्या आईला कळवलं. ती आली तेव्हा मी आत तुझ्या उशाशी होते आणि दारात बापलेक काहीतरी बोलत होते. काय बोलले ते मला आज कळलं, तुझ्या पत्रातून. तेव्हा एवढंच दिसलं की तुला घेऊन जाताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही, म्हणून पत्रांत मी माझी बाजू सांगत होते. म्हणजे मी तुझ्या तोंडावरून ओला फडका फिरवत होते आणि बाहेर माझा निकाल लागला होता.

आता त्या दोन गोष्टी. पहिली: हॉस्पिटलात न्या असं मी म्हणत होते. दुसरी: मला न्यायला ये, मला पोरीजवळ बसायचंय. मला बसवरची पाटी वाचता येत नाही. एकटी निघाले असते तर भलत्याच गावी उतरले असते. हे म्हणायचे, पत्रात कळवलंय, बोलावतील तेव्हा जाऊ, न बोलावता कसं जायचं. मी वर्षभर कपड्याची पिशवी भरून ठेवली होती. आणि तुम्हाला कळत होतं की आम्ही मजेत आहोत. एकोणीस वेळा मजेत.

तुम्ही भेटायला आला नाहीत, असं तू मागे सहज लिहून गेलीस. मी ते ऐकलं आणि गिळलं. आता गिळणार नाही.

सत्तावीस वर्षं तुझी आई माझ्याकडे आली की खुर्चीच्या कडेवर बसते. बापाशी बोलायची, मला विचारायची, तब्येत कशी आहे. हे गेले त्या दिवशी मला म्हणाली, 'तुम्ही थोडं खाऊन घ्या.' तुम्ही. शेजारणीला म्हणतात तसं. मला वाटायचं पत्रांतलं सगळं वाचूनही लेकीचा विश्वास बसला नाही. माझीच पोर एवढी दगड कशी निघाली म्हणून मी तिच्यावर रागावून होते. तो सगळा राग भलत्याच पत्त्यावर गेला.

तू माफ केलंस ना मला? ते परत घे. मला नको ते. ज्याचं आहे त्याला दे.

आजी


२० मार्च

आजी,

तुझं पत्र दुकानात उभ्यानेच वाचलं. समोर गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचत होतं, चुकत होतं आणि मी बरोबर बरोबर म्हणत होते.

त्याच संध्याकाळी मोहिमेच्या ऑफिसात गेले. माझं नाव काढा म्हटलं आणि फोटोची पत्रकं उचलून आणली. जो माणूस स्वतःची चूक बायकोच्या गळ्यात बांधतो आणि वर नातीला डोंगराच्या गोष्टी सांगून मोठा होतो, त्याच्या नावाने मी एक पायरीही चढणार नाही. मला तर वाटायला लागलंय की मी चालायला शिकले तेही खोटंच. त्या खिडकीशी कुणीच थांबलं नव्हतं.

आईला फोन केला. सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'बाबा असं करणारच नाहीत. आईचं वय झालंय, तिला जसं हवं तसं आठवतंय. तू तिला खोदून विचारत बसू नकोस.' मी आरडाओरडा केला, तिने फोन ठेवला.

आजी, मला तुझ्या वतीने कुणाशीतरी भांडायचंय आणि समोर कुणीच नाही. फोटो पालथा घालून ठेवलाय.

भिंगरी


२६ मार्च

भिंगरे,

नाव परत घाल. उद्याच्या उद्या.

मी एवढा संताप केला तो तू घरी बसावंस म्हणून नाही. त्या हॉस्पिटलातल्या मुलांनी काय घोडं मारलंय? त्यांना तुझ्या आजोबांची कुंडली माहीत नाही, त्यांना खाटा हव्यात. आणि दुसरं, तो राग माझा आहे. पंचावन्न वर्षं संसार मी केला, पाच वर्षाच्या पोरीसारखी फसले मी, तेव्हा रागवायचा पहिला हक्क माझा. तू माझ्या हातातून तोही ओढून घेऊन मिरवायला निघालीस. आधी माझे शब्द यांनी घेतले, आता राग तू घेणार?

खिडकीशी कुणी थांबलं नव्हतं म्हणतेस. नव्हतंच. हे इथे टेबलाशी बसून माझ्या हातचा चहा पीत होते. पण पावलं तू टाकलीस ना? की तीही यांनी लिहिली? अकरा पावलं तुझी आहेत. त्यांनी काहीही लिहिलं असतं, डोंगर सोडून विहीर लिहिली असती, तरी पाय तुलाच उचलावा लागला असता.

आता पत्रकावर काय लिहायचं ते सांगते. गाळू नकोस, गोड करू नकोस. लिही: 'माझे आजोबा कधीच डोंगर चढले नाहीत. ते खोटं बोलले. मी चढते आहे.' फोटो लावायचा तर लाव. तोंड लपवायची आता त्यांना सोय नाही.

सोबत तुझ्या आईसाठी चिठ्ठी आहे. तिच्या हातात दे. समजूत घालायला जाऊ नकोस.

आजी


(सोबतची चिठ्ठी)

लेकी,

हे मी सांगतेय आणि शिंपीण लिहितेय. तुझा विश्वास बसला नाही तर बसू दे. पण या खेपेला निदान मी सांगितलेलं तुझ्यापर्यंत पोचलंय.

हॉस्पिटल मी म्हणत होते. हाडवैद्य तुझ्या बाबांनी ठरवला. पोरीचा पाय मी धरला, ते चुकलं. तिच्याजवळ येऊन बसायचं म्हणून एकोणीस वेळा मी तुला बोलावणं मागितलं.

बाबा असं करणारच नाहीत, म्हणालीस. तू दुसरीत असताना शाळेत तुझी जन्मतारीख चुकीची लागली. फॉर्म बाबांनी भरला होता. हेडमास्तरांनी विचारलं तेव्हा त्यांनी काय सांगितलं? 'घरच्या बाईने चुकीची सांगितली, तिला लिहावाचायला येत नाही.' तू त्यांचं बोट धरून शेजारी उभी होतीस. घरी आल्यावर तूच मला विचारलंस, आई, तू चुकीचं का सांगितलंस? मी तेव्हा हसले. आता हसणार नाही, एवढंच कळवायचं होतं.

वाईट माणूस नव्हते ते. चूक झाली की ती ठेवायला त्यांना जागा लागायची, आणि मी जवळच असायची.

आई


१७ एप्रिल

आजी,

आले. पाय उशीवर वर ठेवून लिहितेय.

आधी आईचं. चिठ्ठी तिला दिली. तिने वाचली, घडी घातली, चष्म्याच्या डबीत ठेवली आणि पंधरा दिवस एक शब्द काढला नाही. निघायच्या दिवशी बसस्टँडवर आली. वाकून माझ्या बुटांच्या नाड्या बांधायला लागली, मी छत्तीस वर्षांची बाई. वर न बघता विचारलं, 'त्या हाडवैद्याकडचं तुला काही आठवतं?' मी म्हटलं, दुखलेलं आठवत नाही, पण पाय धरलेली बाई सगळा वेळ शिव्या देत होती ते आठवतं. बांधणाऱ्याला, त्याच्या सोन्याच्या हाताला, पाचव्या मजल्यावरच्या साहेबाच्या पाठीला. आई तशीच वाकून राहिली. मग म्हणाली, 'हट्टाने आणलेल्या माणसाला कुणी शिव्या देत नाही.' आणि नाडीची गाठ इतकी घट्ट मारली की ती दुसऱ्या दिवशी सोडवताना माझं नख तुटलं.

आता डोंगर. तू सांगितलेली ओळ कापडावर लिहून पाठीला लावली, वर फोटो. मोहिमेचा प्रमुख, शिट्टीवाला, तो म्हणाला, ताई, हे जरा बरं दिसत नाही, लोक श्रद्धेने येतात. मी म्हटलं, शब्द माझ्या आजीचे आहेत, बदलायचे तर तिला विचारा. त्याने पत्ता मागितला नाही.

बाकी सगळ्यांच्या पाठीवर देवमाणसं होती. प्रेमळ वडील, त्यागमूर्ती आई, आदर्श पती. पहिल्या चढावर सगळे माझ्यापासून चार हात लांब चालले. दुसऱ्या चढावर 'आदर्श पती' वाल्या बाई माझ्याबरोबर आल्या. बराच वेळ धापा टाकत होत्या. मग म्हणाल्या, 'कसलं खोटं बोलले तुमचे आजोबा?' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आमचेही काही कमी नव्हते,' आणि संध्याकाळच्या मुक्कामापर्यंत बोलत राहिल्या. मुक्कामावर एक निवृत्त ड्रायव्हर येऊन बसले. जेवणं होईपर्यंत आमच्या शेकोटीभोवती सात जणांची देवमाणसं माणसं झाली होती. शिट्टीवाल्याने दोनदा झोपायला सांगितलं. शेवटी तोही त्याच्या भावाचं सांगत बसला.

तिसऱ्या दिवशी पाय सुजला. उंच केलेला बूट उतारावर बरा, चढावर घोट्याला घासतो, हे चांभारकाकांच्या लक्षात आलं नव्हतं. शिखर वर दिसत होतं. तासाभराची वाट राहिली होती. शिट्टीवाला म्हणाला, इथे थांबा. मी त्याच्याशी भांडले, दहा पावलं गेले आणि खाली बसले. मग थांबले. सगळे वर जाऊन आले तोवर मी एकटी तिथे होते. रडायला आलं, ते आजोबांसाठी नव्हतं. वर्षभर पिशवी भरून बसलेल्या तुझ्यासाठी होतं.

हॉस्पिटलला मदत पूर्ण मिळणार आहे, थांबले तरी. तेवढं बरं झालं. पण मी शिखरावर गेले नाही, आजी. तुझ्या ओळीत 'मी चढते आहे' होतं. ते अर्धवट राहिलं.

तुझी भिंगरी


२५ एप्रिल

भिंगरीला आशीर्वाद. आज पूर्ण, वर मागची थकबाकी धरून.

तास राहिला म्हणून रडू नकोस. या घरातलं तुझ्याइतकं वर कुणी गेलेलं नाही, लिफ्ट सोडून. पाय उंच ठेव, आणि त्या चांभाराला माझ्याकडे पाठव, मला त्याच्याशी दोन शब्द बोलायचेत.

तुझी आई आली. सोमवारी, न कळवता. मी दार उघडलं तर पिशवी घेऊन उभी. म्हणाली, 'आई, तुझं पत्र मिळालं.' मी म्हटलं, 'मिळालं का? टपाल जरा हळूच चालतं.' तिला हसावं की काय करावं ते कळेना. तशीच दारात उभी राहून रडली आणि मी तिला बराच वेळ आत ये म्हटलं नाही. खोटं का सांगू, मुद्दाम म्हटलं नाही. मीही वर्षभर बोलावण्याची वाट बघितली होती. मग शिंपीण जिन्यातून वर बघायला लागली म्हणून आत घेतलं.

आत आल्यावर म्हणाली, मी तुला कधी विचारलंच नाही. मी म्हटलं, नाही विचारलंस. बापाचं ऐकलंस, बापाचं वाचलंस, आणि आई समोर बसलेली असताना तिला तब्येत विचारलीस. हे मी बोलणारच होते, बोलले. ती ऐकत होती. मध्ये एकदाही 'पण' म्हणाली नाही. म्हणून मी लवकर थांबले, नाहीतर माझ्याकडे दोन दिवसांचा ऐवज होता.

आता ती पलंगावर मांडी घालून बसते. माझी पातेली काळी आहेत, पडदे मळलेत, औषधं वेळेवर घेत नाही, सगळं सांगून झालं. मी काल तिला म्हटलं, खुर्चीच्या कडेवर बरी होतीस. तर म्हणते, आता काही उठत नाही मी.

हे पत्र मी लिहून देते म्हणाली. मी नको म्हटलं. या घरातल्या माणसाकडून मी आता पत्र लिहून घेत नाही. शिंपीण खूश आहे, रुसवा गेला.

यांचं विचारलं नाहीस, तरी सांगते. गेल्यापासून रोज सकाळी चहा ठेवला की मी यांच्याशी थोडं बोलायची. भाव काय झाले, नळाला पाणी आलं का, असलंच. तुझं दुसरं पत्र आलं तेव्हापासून बोलणं टाकलं होतं. दोन महिने एक अक्षर नाही. आज सकाळी आधण ठेवलं, आतल्या खोलीत तुझी आई झोपली होती, लहानपणी झोपायची तशी, तोंडावर हात घेऊन. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, 'हळू बोला, लेक झोपलीये.'

ते तर काही बोललेच नव्हते.

राग गेलेला नाही, हे शिंपीण जाड अक्षरात लिहितेय. पण घरात पोर झोपलेली असताना मी कधी भांडण काढलेलं नाही. ती उठली की बघू.

तुझी आजी